मुलाच्या हार्टचं ऑपरेशन झालंय, आता कार्डियाक एमआरआय सांगितलाय. इको पुरत नाही का?

राजारामपुरीची आई
नमस्कार. मुलगा दीड वर्षाचा असताना टेट्रालॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालंय, आता ११ वर्षांचा आहे, रंकाळ्यावर सायकल मारतो, काही त्रास नाही. पण यावेळच्या टूडी इकोत पल्मनरी व्हॉल्व (हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप) लीक आहे आणि उजवा कप्पा मोठा दिसतोय म्हणाले, एमआरआय करा सांगितलं. इको दरवर्षी होतोच की, मग हा कशाला? छातीच्या हाडाला तारा आहेत त्या चुंबकात चालतात का? सासूबाई नकोच म्हणतात आणि भूल द्यायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

कागलचा बाबा
ताई, आमच्या पोरीचं पण हेच ऑपरेशन झालंय, म्हणून सांगतो, टाळू नका. फॅलोमध्ये फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद असते, ती मोठी करताना बऱ्याचदा व्हॉल्ववरच चीर द्यावी लागते, मग लीक मागं राहतो. पोरगं वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतं पण आत उजवा कप्पा ताणत जातो. हा कप्पा पुढं हाडाच्या मागं असतो आणि आकार वेडावाकडा, त्यामुळं मोठ्या पोरांत इकोवर अंदाजच येतो. एमआरआयमध्ये कप्प्यात किती मिली रक्त मावतं आणि दर ठोक्याला किती टक्के मागं फिरतं ते मोजून मिळतं. व्हॉल्व कधी बसवायचा ते यावरच बरंचसं ठरतं! लई लवकर बसवला तर तो झिजून परत बदलायची वेळ येते, उशीर झाला तर कप्पा पूर्ववत होत नाही. कप्प्यात मावणारं रक्त अंगाच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागं साधारण १५० ते १६० मिलीच्या पुढं गेलं की डॉक्टर व्हॉल्वचा विचार करतात, अर्थात बाकीच्या गोष्टी पण बघतात.

एमआरआय टेक्निशियन, शाहूपुरी
हाडाच्या तारा चालतात, रक्तवाहिनीत बसवलेल्या बहुतेक कॉइल (बंद करायच्या तारा) आणि स्टेंट (उघडी ठेवणाऱ्या जाळ्या) पण चालतात. पेसमेकर किंवा त्याची जुनी वायर आत असेल तर आधी सांगा, डिस्चार्ज कार्ड घेऊन या. तासभर लागतो, आवाज मोठा असतो, कानाला बोळे देतात. ११ वर्षांच्या मुलाला सहसा भूल लागत नाही, पण श्वास सोडून १०-१५ सेकंद थांबायची घरी प्रॅक्टिस करून घ्या, त्यावरच फोटो चांगले येतात. फोटो स्पष्ट यावेत म्हणून औषधाचं इंजेक्शन देणार असतील तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतील. आणि एक, मशीन आहे म्हणजे हार्टचा एमआरआय होतोच असं नाही, जन्मजात दोषांचे रिपोर्ट करणारे डॉक्टर तिथं आहेत का हे फोनवरच विचारा.

राजारामपुरीची आई
खूप बरं वाटलं वाचून. शेजारच्या म्हणाल्या सीटी करा, पाच मिनिटांत होतो?

कागलचा बाबा
सीटी पटकन होतो, कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या) पण छान दिसतात, पण किरणं जातात आणि लीक किती ते थेट मोजता येत नाही. एमआरआयला एक्सरेची किरणं नाहीत, ह्या पोरांना काही वर्षांनी परत करावाच लागतो म्हणून तोच बरा. खर्चाचं म्हणाल तर १८ वर्षांपर्यंत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात काय बसतं ते आधी कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा, जुने सगळे इको रिपोर्ट सोबत न्या.