टाकीमागचे वाफे : यादी बंद करू नका

सचिव : सर्वांना नमस्कार. पाण्याच्या टाकीमागे आखलेले 12 वाफे पावसाआधी वाटायचे आहेत. नावे 27 आली. कमिटीकडे दोन सूचना आहेत. एक, चिठ्ठ्या टाकून 12 घरांना वाफे द्यायचे आणि यादी तिथेच बंद करायची. दुसरी, वाफे रद्द करून त्या जागेत गाड्या लावायच्या. रविवारी सभा आहे, त्याआधी आपले मत इथे लिहा.

सी-301 : 12 खूश आणि 15 नाराज, वर्षभर कुरबुरी चालणार. त्यापेक्षा पार्किंग बरे. गणेश चवथीला सगळ्यांकडे पाहुणे येतात, गाड्या रस्त्यावर लागतात आणि रुग्णवाहिका आली तर आत वळणार नाही. सर्वांच्या उपयोगाची गोष्ट करा.

ए-104 : चिठ्ठ्या चालतील. पण ज्यांची चिठ्ठी निघणार नाही त्यांनी किती वर्षे थांबायचे? आमच्या सासूबाईंचे वय 74 आहे, त्यांच्यासाठीच नाव दिले होते.

बी-202 : सचिवसाहेब, जरा लांब लिहिते आहे, पण सभेला येण्याआधी सर्वांनी वाचा. यादी बंद करू नका. ज्यांना वाफा मिळणार नाही त्यांची नावेच ही जागा राखतील.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये राहते. तिकडे शहरातल्या लोकांना भाजी लावायला नगरपालिका वर्षाच्या भाड्याने जमिनीचा तुकडा देते, त्याला अलॉटमेंट म्हणतात. 1908 च्या कायद्याने ती पालिकेची जबाबदारीच ठरवली. सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली की पालिकेला ती विचारात घ्यावीच लागते. दुसऱ्या महायुद्धात जहाजांनी येणारे अन्न अडले तेव्हा लोकांनी मैदाने आणि बागा खणून बटाटे-कोबी लावले. त्या काळी असे सुमारे 14 लाख तुकडे होते, आज 3 लाखांच्या आसपास उरले आहेत. युद्ध संपले, दुकानात भाजी स्वस्त मिळू लागली, लोकांनी तुकडे सोडले आणि रिकाम्या जमिनींवर घरे उठली. पुढे लोकांना पुन्हा माती हवीशी झाली तोवर जमीन गेलेली होती. 2023 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने पालिकांकडून आकडे मागवले, तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास लोक रांगेत होते. लंडनच्या कॅम्डेन भागात एकेकाळी 40 वर्षांची प्रतीक्षा सांगत. लंडनच्या मधल्या भागातल्या पालिकांवर 1963 च्या कायद्यानंतर जमीन पुरवण्याचे ते बंधन राहिले नाही, आणि तिथे मोकळी जमीनही कुठे आहे?

बहीण अजून रांगेतच आहे. मी तिला म्हटले, काढून टाक नाव, कशाला जीव अडकवून ठेवतेस. ती म्हणाली, नाव काढले तर उद्या पालिका म्हणेल इथे कुणाला शेती करायची आहे, जमीन विकू या.

सी-301 : वहिनी, म्हणजे तुम्हीच सांगताय की रांगा संपत नाहीत. मग लोकांना आशा का लावायची?

बी-202 : भाऊ, तिचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. तिथे 1925 चा आणखी एक कायदा आहे. अलॉटमेंटसाठी म्हणून घेतलेली जमीन पालिकेला मंत्र्याच्या संमतीवाचून विकता येत नाही. संमती देताना पाहिले जाते की रांगेतल्या लोकांचा विचार झाला आहे की नाही. म्हणजे ज्याला अजून वीतभर माती मिळालेली नाही, तोही दुसऱ्याचा वाफा वाचवतो. आपल्या सोसायटीला असा कायदा नाही. आपल्याकडे सभेचा ठराव आहे आणि यादी आहे. यादीच फाडली तर दोन वर्षांनी कुणीही म्हणेल, 12 घरांसाठी एवढी जागा कशाला अडवता? तेव्हा आपल्याकडे काय उत्तर असेल?

डी-002 आजोबा : बाई बरोबर बोलते. आमच्या गावात कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामाईक मालकीची, शेते लिलावाने कसायला देत, तीही ठरावीक मुदतीपुरती. मुदत संपली की पुन्हा लिलाव. शेत कुणाच्या बापाचे होत नसे. वाफा जन्मभरासाठी दिलात तर यादी ठेवूनही उपयोग नाही.

बी-202 : आजोबा, मी याच मुद्द्यावर येणार होते. तिकडे रांग तुंबते त्याचे मोठे कारण तेच. भाडे भरत राहिले आणि जमीन कसत राहिले की तुकडा वर्षानुवर्षे त्याच घरात राहतो. शिवाय जुन्या मापाचा पूर्ण तुकडा 10 रॉडचा, म्हणजे सुमारे 250 चौरस मीटर. आपल्या दोन फ्लॅटांएवढी जमीन! नोकरी करणाऱ्या माणसाच्याने ती होत नाही, अर्ध्यात गवत माजते आणि बाहेर लोक ताटकळत उभे. म्हणून आता बऱ्याच पालिका रिकामा झालेला तुकडा अर्धा किंवा पाव करून देतात. पाहणी करतात आणि पडीक दिसला तर नोटीस देऊन काढून घेतात.

आपले वाफे 12 फूट बाय 4 फूट आहेत. मधोमध चिऱ्याची एक ओळ घातली की 24 होतील. 27 नावांपैकी तीनच उरतील. सहा फुटांत काय होणार असे वाटेल, पण तांबडी भाजी आणि मुळा एका घराला पुरून उरतात. वेल मात्र वाफ्यात नकोत. दोडकी, पडवळ, काकडी कुंपणावर एकत्र चढवू आणि तोडलेली भाजी वाटून घेऊ. चवथीच्या माटोळीला, गणपतीच्या डोक्यावर फळे-भाज्या बांधतो त्या चौकटीला, आपल्याच कुंपणावरचे दोडके आणि काकडी बांधता आली तर मला फार आनंद होईल, हे मनापासून सांगते.

ए-104 : अर्धा वाफा आम्हाला पुष्कळ झाला. सासूबाईंना खाली बसवत नाही, कड दीड फूट उंच करता येईल का? चिऱ्यावर टेकून काम करतील.

डी-002 आजोबा : उंच कराच. टाकीमागे सगळा जांभा आहे, वर चार बोटे माती. बाहेरून माती आणि शेणखत आणल्याशिवाय काही उगवायचे नाही. आणि पावसात घाई नको. जूनमध्ये भेंडी, काकडी, दोडके ठीक. पालेभाजी मोठ्या पावसात आडवी होते आणि गोगलगायी उरलेली संपवतात. तांबडी भाजी, नवलकोल, मिरची, अळसांदे (चवळी) दिवाळीच्या पुढे. ज्याला पावसाळ्यात वाफा मिळाला आणि काही आले नाही, त्याच्याकडून तो लगेच काढून घेऊ नका. हिवाळ्याचा एक हंगाम त्याला मिळालाच पाहिजे.

बी-305 : मी मत दिले नव्हते, आता देतो. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊनमुळे गोव्याची हद्द बंद झाली आणि बेळगावची भाजी यायची थांबली, तेव्हा या इमारतीत प्रत्येकाने नुसता डाळभात खाल्ला आहे. 24 अर्धे वाफे सगळ्यांचे पोट भरणार नाहीत हे मला कळते. पण भाजी कशी लावायची हे येणारी 24 घरे इथे असतील. माझ्या मुलांना भेंडीचे फूल कसे असते ते माहीत नाही. माझा पाठिंबा आहे.

सचिव : आतापर्यंतच्या चर्चेवरून ठरावाचा मसुदा असा करतो. जागा भाजीसाठी राहील, दुसऱ्या कामाला घ्यायची तर सर्वसाधारण सभेत दोनतृतीयांश मते लागतील आणि त्या सभेत प्रतीक्षा यादी वाचून दाखवावी लागेल. वाफा अर्धा, मुदत तीन वर्षे, नंतर नाव यादीच्या शेवटी. पावसाळा आणि हिवाळा दोन्ही पडीक गेले तर पुढच्या नावाला. यादी जिन्याखालच्या फलकावर क्रमाने लावायची, नवीन नाव कधीही देता येईल. भाडेकरूंनाही हक्क द्यायचा का, ते सभेत ठरवू.

बी-202 : भाडेकरूंना द्याच. ते इथेच राहतात आणि स्वयंपाकही इथेच करतात.

सी-301 : माझी पार्किंगची अडचण खरी आहे, ती मी सभेत मांडणारच. रुग्णवाहिकेला वळायला फाटकापासून जागा मोकळी राहील असे आखून द्या, मग वाफ्यांना माझा विरोध नाही. पण पाण्याचे मीटर वेगळे हवे. एप्रिल-मेमध्ये टाकीला पाणी पुरत नाही आणि नळ वाफ्यांकडे सुरू, असे चालणार नाही.

सचिव : मीटरचे कलम घालतो. आखणी शनिवारी सकाळी टेप घेऊन करू, भाऊ तुम्हीही या. वहिनी, यादीत 25, 26, 27 वर कोण आहेत त्यांना आजच फोन करा. नाव राहू द्यायचे का, हे त्यांनीच सांगायला हवे.

बी-202 : दोघांशी बोलले. दोघेही नाव ठेवा म्हणाले. तिसऱ्या बाई रात्रपाळीला आहेत, त्यांना सकाळी विचारते.