आजीव सभासदांच्या वर्गणीवर संगीत मंडळ किती वर्षे चालेल?

प्रश्न (खजिनदार, तालुक्यातील संगीत मंडळ):
नमस्कार. 1996 साली आमच्या मंडळाने प्रत्येकी 501 रुपये घेऊन 600 आजीव सभासद केले आणि जमलेले तीन लाख बँकेत मुदत ठेवीत ठेवले. तेव्हा 12 टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे, म्हणजे वर्षाला 36,000 रुपये, आणि त्यात मानधन, प्रवासखर्च व सभागृहाचे भाडे धरून चार मैफली होत. 2020-21 मध्ये दर साडेपाच टक्क्यांच्या खाली गेला, तेव्हा हाती जेमतेम 16,000 आले. एवढ्यात आता एका मैफलीचाही खर्च निघत नाही. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींवर मात्र ‘सर्व कार्यक्रमांस तहहयात विनामूल्य प्रवेश’ असा जांभळा शिक्का आहे. या सभासदांकडे आता वार्षिक वर्गणी मागावी का?

उत्तर 1 (हिशेबतपासनीस):
तो शिक्का म्हणजे संस्थेने दिलेला शब्द आहे. कार्यकारिणीच्या साध्या ठरावाने तो मागे घेऊ नये. माझ्या मते मूळ चूक वेगळी आहे. व्याज दरवर्षी पूर्ण खर्ची पडले आणि मुद्दल होते तेवढेच राहिले. शिल्लक दिसली की कर लागेल, ही भीती अनेक मंडळांत असते. परंतु प्राप्तिकरातील सूट टिकवण्यासाठी उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते, उरलेले 15 टक्के विनाअट मागे ठेवता येतात. यापुढे कायम निधीसाठी देणगी घेताना दात्याकडून तसे लेखी पत्र अवश्य घ्यावे, कारण त्याशिवाय ती रक्कम चालू उत्पन्नात धरली जाते.

उत्तर 2 (कार्यवाह, नाट्यसंस्था):
वरील सल्ला योग्य आहे, पण कलावंतांचे मानधन कापून शिल्लक दाखवू नये, एवढे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आम्ही आजीव सभासदांना वर्गणी मागितली नाही; जमाखर्चाचे एक पान आणि सोबत पत्र पाठवले. बरीच पत्रे ‘पत्त्यावर राहत नाहीत’ या शेऱ्यासह परत आली. मात्र एका कुटुंबाने आईच्या स्मृतिदिनी दरवर्षी एका प्रयोगाचा खर्च उचलला आणि तो आजही चालू आहे. सभासद नसलेल्यांना तिकीट लावण्यासही संकोच करू नका. नाटक-संगीताच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पत्राचा मसुदा येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवतो. सभासदांची यादी तपासायला घेतली आहे. पहिल्याच पानावरील चाळीसपैकी सतरा नावांपुढे कोणीतरी पेन्सिलीने ‘कै.’ लिहून ठेवले आहे.