मदत हवी आहे: पाठीवरचं शिबं जातच नाहीये

अधीर७: पाठीवर, खांद्यावर पांढरट डाग आलेत. औषध संपलं तरी जसेच्या तसे. लवकर जाणारं काहीतरी सांगा प्लीज. 'डॉक्टरकडे जा' नको, जाऊन आलोय.

रानवारा: औषध म्हणजे कोणतं? मलम की गोळ्या? खाज येते का?

मंजिरी: रोज तेल चोळ, कोरडेपणाने होतं हे. भाच्याचं त्यानेच गेलं.

रानवारा: मंजिरीताई, तेल अजिबात नको! हे मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, सगळ्यांच्याच अंगावर असतं आणि फॅटी ॲसिडवरच जगतं, घाम नि तेलकटपणा मिळाला की फोफावतं.

मंजिरी: पिढ्यान्पिढ्या लोक तेल लावतायत, सगळ्यांना झालं का शिबं?

रानवारा: सगळ्यांना नाही होत, पण ज्याला झालंय त्याने कशाला खतपाणी घालायचं?

श्रावणी: माझा कोंडा किटोकोनाझोल शाम्पूने गेला. लगेच धुवायचा नाही, पाच मिनिटं ठेवायचा. केस गळत असतील तर आयर्न पण तपासून घ्या.

अधीर७: केस ठीक आहेत हो माझे! तोच शाम्पू अंगाला लावला, सोबत इट्राकोनाझोलच्या गोळ्या. खाज नाही.

भटक्या: टर्बिनाफिनच्या गोळ्या घे, माझा नायटा साफ झाला.

निरंजना: नायट्याची बुरशी वेगळी. टर्बिनाफिनच्या गोळ्या शिब्यावर चालत नाहीत, उगाच सांगू नका. अधीर, डाग नखाने हलकेच खरवडला तर भुसा निघतो का?

अधीर७: आधी निघायचा, आता गुळगुळीत आहे. पण पांढरा आहेच ना!

निरंजना: मग यीस्ट बहुतेक गेलंय. ते ॲझेलेइक ॲसिड तयार करतं, त्याने त्वचेचा रंग बनणं मंदावतं आणि तो परत भरायला काही महिने लागतात. आणखी गोळ्यांनी ते लवकर होणार नाही, लिव्हरला त्रास मात्र होऊ शकतो. शंका असेल तर डॉक्टरांना केओएच टेस्टचं विचार, खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात.

रानवारा: आणि मनाने स्टिरॉइडवालं मिक्स मलम लावू नकोस.

अधीर७: महिने?? पोहण्याची स्पर्धा तोंडावर आलीये आणि कोच म्हणतायत डाग जाईपर्यंत पूलमध्ये उतरायचं नाही, बाकीच्यांना होईल.

निरंजना: हे आधी सांगायचंस ना! शिबं एकाचं दुसऱ्याला लागत नाही. डॉक्टरांकडून तसं लिहून घे आणि कोचना दाखव. परत येऊ नये म्हणून महिन्यातून एकदा शाम्पू लावायचा का, तेही त्यांनाच विचारून घे.

मंजिरी: क्लोरीनने पण स्किन कोरडी पडते बरं का.