मदत हवी आहे: आईसाठी शांतपणे बातम्या देणारं मराठीत काय आहे?

नमस्कार मंडळी, आईला बातम्या आणि बिग बॉस मराठी दोन्ही मनापासून आवडतं. 2024 चा पाचवा सीझन, रितेश देशमुखवाला, तिने एकही भाग न चुकवता पाहिला आणि मोढव्याचा सूरज चव्हाण जिंकला तेव्हा डोळ्यात पाणी होतं तिच्या. त्यात मला काही वावगं वाटत नाही, पण हल्ली न्यूज चॅनल लावलं की तिथेही घरातून कोण बाहेर पडलं तेच ब्रेकिंग, खाली पट्टी, वर पट्टी, मधे सहा चौकटीत सहा जण एकदम ओरडतायत आणि कांद्याच्या भावाचं नक्की काय झालं ते तिला शेवटपर्यंत कळतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सकाळी आकाशवाणी पुणेच्या सात पाचच्या बातम्या ती ऐकते, सह्याद्रीही लावते, पण तिला एकेक विषय नीट उलगडून सांगणारं हवंय. मराठीत असा यूट्यूब चॅनल किंवा पॉडकास्ट कोणी नियमित बघतं/ऐकतं का? आणि बिग बॉसचा एपिसोड बघण्याआधीच घरातून कोण गेलं हे फोनवर दिसू नये म्हणून नोटिफिकेशन कसे बंद करायचे, तेही प्लीज सांगा.