मदत हवी आहे: मोसासॉरचा दात खोट्या दगडातून कसा सोडवू?

मंडळी, मी बेळगावचा. गेल्या महिन्यात मोरोक्कोच्या खुरिबगा भागातला, फॉस्फेटच्या खाणीतला म्हणून मोसासॉरचा (डायनासोरांच्या काळातला समुद्रातला महाकाय सरपटणारा प्राणी) दात घेतला. साडेसहा कोटी वर्षांपेक्षा जुनी वस्तू तळहातावर ठेवली आणि अंगावर काटा आला.

दात ४ सेंमी, दगडात अर्धा रुतलेला. तापलेली सुई मुळाला टेकवली, प्लॅस्टिकचा वास आला नाही. भिंगातून दाताच्या मुलाम्यावर (इनॅमलवर) उभ्या बारीक रेघा आणि कडेची धार स्पष्ट दिसते. दात खराच असावा. पण दगडाच्या कोपऱ्याला ॲसिटोनचा (गोंद विरघळवणारा द्रव) बोळा लावला तर वाळू सुटली, बोटाला चिकट लागली. म्हणजे दगड वाळू आणि गोंदाचा. व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड लावलेलं नाही, लावणारही नाही.

विकायचा नाही, मुलांना दाखवायचाय. इकडे सगळा काळा दगड नाहीतर जांभा, असे जीवाश्म हाताळलेलं माणूस जवळपास नाही.

मुळाजवळ केसाएवढी भेग आहे, तिथे पिवळट गोंद दिसतो. अख्खा तुकडा ॲसिटोनमध्ये बुडवला तर दात तिथेच दुभंगेल का? की बोळ्यानेच थोडं थोडं सोडवून, भेगेत आधी पॅरालॉइड बी-७२ (जीवाश्म जोडायला वापरतात तो ॲक्रिलिक गोंद) भरू? पण तेही ॲसिटोनमध्येच विरघळतं ना, मग क्रम काय ठेवायचा?