वरची पापणी लोंबत असेल तर फील्ड टेस्टचा रिपोर्ट चुकीचा येतो का? (नानांना काचबिंदूची शंका)

अमळनेरचा_कापूस:
नमस्कार मंडळी, जरा लांबण आहे पण वाचा. आमचे नाना, वय ६८, कापसाची वेचणी उरकल्यावर मोतीबिंदू दाखवायला म्हणून नेलं, तिथे डॉक्टर म्हणले डोळ्याचं प्रेशर २२ आहे, डोळ्याच्या नसेचा खड्डा पण मोठा वाटतो, फील्ड टेस्ट (नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी) करून घ्या. मग अंधाऱ्या खोलीत त्या पांढऱ्या भांड्यासमोर हनुवटी टेकवून बसवलं, एका डोळ्याला पट्टी, हातात बटन, लाइट दिसला की दाबा. शिकवायला कोणी दोन मिनिटं पण दिली नाही, नाना मधेच विचारतात "संपलं का रे", तिकडून आवाज येतो "बोलू नका बाबा".

रिपोर्टमध्ये उजव्या डोळ्याची वरची सगळी कड काळी, आडवा पट्टा मारल्यासारखी. आणि फिक्सेशन लॉस (नजर हलल्याची नोंद) ९/१६, पुढे दोन फुल्या. आता नानांच्या वरच्या पापणीची कातडी लोंबते, उजवीकडे जास्तच, डोळे खोल, भुवईचं हाड पुढे, आणि उजव्याला मायनस ७ नंबर आहे लहानपणापासून. चुलतभाऊ म्हणतो नानांचं नाक मोठं आहे म्हणून आलं असेल. ड्रॉप चालू केलेत. नाना म्हणतात मला सगळं दिसतं, ड्रॉप कशाला टाकू. कोणाला कळतं का यातलं?

तपासनीस_जळगाव:
भाऊ, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, ही टेस्ट रोज घेतो म्हणून सांगतो, पण रिपोर्ट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काचबिंदू आहे की नाही ते मी सांगणार नाही.

ते मशीन नानांच्या चेहऱ्याकडे बघत नाही, ते वयाच्या हिशोबाने नॉर्मल डोळ्याशी तुलना करतं. बहुतेक तुमची २४-२ नावाच्या नमुन्याची टेस्ट झाली असेल, तिच्यात ५४ जागा असतात, एकमेकीपासून ६ अंशावर, आणि सगळ्यात वरची ओळ नजरेच्या मध्यापासून २१ अंश वर. पापणी खाली आली की पहिला घास त्याच ओळीचा जातो. टेस्ट लांबली आणि माणूस पेंगला की अजून खाली येते. म्हणून आम्ही कातडी जास्त लोंबत असेल तर वर उचलून मायक्रोपोर टेपने कपाळाला चिकटवतो, फक्त डोळ्याची उघडझाप झाली पाहिजे, नाहीतर डोळा कोरडा पडतो आणि रिपोर्ट अजून बिघडतो.

खोल डोळ्यांचं दुखणं वेगळं आहे. नंबरची काच डोळ्याच्या अगदी जवळ पाहिजे, पण भुवईचं हाड पुढे असलं की होल्डर अडतो, काच लांब राहते, आणि काचेची कडच लाइट झाकते. ते रिपोर्टवर बाहेरच्या जागांना गोल काळी किनार म्हणून उतरतं, पापणी मात्र फक्त वरची कड खाते. मायनस ७ ला काच चांगली जाड असते, तेव्हा हे बघायलाच पाहिजे. कॉन्टॅक्ट लेन्स लावून घेतली तर ही कटकटच जाते.

नाकाचं म्हणाल तर चुलतभाऊंना सांगा, नाक आडवं येतं ते साधारण ६० अंशाच्या पुढे. २४-२ तिथपर्यंत जातच नाही. म्हणजे नाकाच्या बाजूला काळं आलं तर ते नाकावर ढकलू नका, काचबिंदूची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

अमळनेरचा_कापूस:
बाप रे, भारीच समजावलं दादा. आणि त्या दोन फुल्या? मॅडम म्हणल्या पेशंटने लक्ष दिलं नाही. नाना तर हलले पण नव्हते, मी बाजूलाच होतो.

तपासनीस_जळगाव:
त्याचं असं आहे, प्रत्येक डोळ्यात एक जागा आंधळी असते, जिथून नस डोळ्यात शिरते. तिथे पडद्यावर लाइट पकडणारे पेशीच नाहीत. साधारणपणे ती नजरेच्या मध्यापासून कानाच्या बाजूला १५ अंशावर, जराशी खाली असते. मशीन मुद्दाम मधूनमधून तिथेच लाइट दाखवतं. पेशंटने बटन दाबलं म्हणजे याला दिसला, म्हणजे नजर हलली, असा मशीनचा हिशोब. २० टक्क्यांच्या वर गेलं की फुल्या.

पण सगळ्यांची आंधळी जागा एकाच ठिकाणी नसते ना भो. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात नस तिरकी शिरलेली असते, जागा सरकते. डोकं जरा कलंडलं तरी सरकते. मग नाना शहाण्यासारखे सरळ बघत होते आणि मशीनने त्यांनाच चोर ठरवलं, असं होऊ शकतं. यावर उपाय साधा आहे, टेस्टच्या सुरुवातीला ऑपरेटरने आंधळी जागा परत शोधायला लावायची. आणि रिपोर्टच्या खाली नजरेची आडवी रेघ असते, ती बघा, ती सपाट असेल तर नानांची नजर स्थिर होती, फुल्यांना फार किंमत देऊ नका. याउलट फॉल्स पॉझिटिव्ह १५ टक्क्यांच्या वर असतील तर मात्र तो रिपोर्ट मी बाजूला ठेवतो, लाइट नसतानाच बटन दाबलेलं असतं.

रावेरची_ताई:
आमच्या आईचं हुबेहूब असंच. टेप लावून परत केली तर वरचा पट्टा बराचसा गेला, सगळे खूश. पण त्याच्या खाली एक छोटी कमान उरली, आंधळ्या जागेपासून निघून मध्याला वळसा घालून नाकाच्या बाजूला जाणारी. ती टेप लावून पण हलली नाही, काचबिंदूच निघाला. म्हणजे पापणी पण होती आणि काचबिंदू पण होता. दोन्ही एकत्र असू शकतं हे आम्हाला कोणी आधी सांगितलंच नव्हतं, आम्ही आपले पापणीच आहे म्हणून निवांत होतो. शेतातली माणसं, डोळा दुखत नाही तोवर कोण जातं हो परत.

भुसावळ_जंक्शन:
ताईंनी बरं लिहिलं. काचबिंदूत पेशंटला बरेच वर्षं काहीच जाणवत नाही, दोन डोळे एकमेकांची उणीव भरून काढतात. "मला सगळं दिसतं" यावर जाऊ नका. मी स्वतः ड्रॉपवर आहे. रिपोर्टवर विश्वास नसेल तर परत टेस्ट करा, पण तोवर ड्रॉप मनाने बंद करू नका, बंद करायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

आणि नसेचा खड्डा मोठा दिसला यावरूनपण लगेच घाबरायचं नाही म्हणे, ज्याची नसेची चकतीच जन्मतः मोठी त्याचा खड्डा पण मोठाच. तपासनीसभाऊ बरोबर ना?

तपासनीस_जळगाव:
बरोबर. खड्ड्याच्या मापापेक्षा कडेची जाडी बघायची, खालची कड झिजलेली असेल तर फील्डमध्ये वर डाग येतो, कारण डोळ्यात चित्र उलटं पडतं. म्हणून अमळनेरकर, डॉक्टरांना एवढंच विचारा की नानांच्या नसेची खालची कड पातळ आहे का. ती धडधाकट आहे आणि फील्डची फक्त वरची कड काळी, तर मला पापणीचा संशय जास्त. कड पातळ असेल तर पापणीच्या भरवशावर राहू नका. ओसीटी (नसेच्या तंतूंची जाडी मोजणारं स्कॅन) केली तर मायनस ७ ला लाल रंग बघून पण एकदम हादरू नका, त्या डोळ्यांत तंतूंचे जुडगे जरा सरकलेले असतात आणि मशीनचं तुलनेचं माप जास्त करून साध्या डोळ्यांचं.

तिरक्या नसेवाल्यांना वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात पण डाग येतो, तो काच जरा जास्त मायनसची लावली तर बऱ्याचदा फिका होतो. टेस्ट घेणाऱ्याला हे सांगून बघा, आवडेल न आवडेल, पण सांगा.

अमळनेरचा_कापूस:
एक राहिलंच. मोतीबिंदू पण आहे ना नानांना, त्याने पण काळं येतं का?

तपासनीस_जळगाव:
मोतीबिंदूने सगळं फील्डच सारखं मंद होतं. रिपोर्टवर दोन नकाशे असतात शेजारी शेजारी, टोटल डेव्हिएशन आणि पॅटर्न डेव्हिएशन. पहिल्यात सगळीकडे डाग आणि दुसऱ्यात जवळजवळ कोरं, असं दिसलं तर जास्त करून मोतीबिंदू किंवा बारीक बाहुलीचं काम. बाहुली ३ मिलीमीटरपेक्षा बारीक असेल तर पण फील्ड खाली येतं, वयाने ती बारीक होतेच. मग थेंब टाकून मोठी करून टेस्ट घेतात, पण एकदा तसं केलं की पुढच्या वेळी पण तसंच करा, नाहीतर दोन रिपोर्टची तुलना होत नाही. कागदावर बाहुलीचं माप छापलेलं असतं, बघून इथे टाका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर नवी बेसलाइन (पुढच्या तुलनेसाठी पहिला रिपोर्ट) घ्यावी लागेल ते वेगळंच.

आणि सकाळी सकाळी न्या. दुपारी अमळनेरहून उन्हात येऊन बसलेला माणूस मशीनसमोर डुलक्या खातोच.

अमळनेरचा_कापूस:
बाहुली २.६ लिहिलंय! पुढच्या आठवड्यात सकाळच्या गाडीने नेतो, मायक्रोपोर खिशात घेऊनच. नाना म्हणता टेप लावायची ते पाहुणीसारखं सजवतात का मला.

रावेरची_ताई:
😄 मेडिकलवर अर्धा इंची मागा, मोठी घेतली तर भुवईचे केस उपटून निघतात, आईने फार बोलणी दिली होती.