मदत हवी आहे : आईच्या पित्ताशयाला सूज, दुखणं थांबलंय, तरी ऑपरेशन उद्याच करावं का?

नमस्कार. आई ६६ वर्षांची, १५ वर्षांपासून मधुमेह. परवा रात्री जेवणानंतर तिला उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली. वर्षभरात असं तीन-चार वेळा झालं होतं, पण तास-दोन तासांत थांबायचं, म्हणून आम्ही पित्त समजून गोळी दिली. या वेळी उजाडलं तरी थांबेना. कळ मागे उजव्या फऱ्यापर्यंत जायला लागली, दोन उलट्या झाल्या, अंग तापलं. तेव्हा दवाखान्यात आणलं. ती अख्खी रात्र आम्ही गोळीवर काढली, याचं फार वाईट वाटतंय.

सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे, त्यातला एक मानेशी अडकलेला. भिंतीची जाडी ५.५ मिमी, भोवती थोडं पाणी. मुख्य पित्तनलिका फुगलेली नाही. पांढऱ्या पेशी १६,४००, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं, बिलिरुबिन (काविळीची तपासणी) आणि लायपेज (स्वादुपिंडाची तपासणी) नॉर्मल. तोंडाने सगळं बंद, सलाईन, शिरेतून अँटिबायोटिक आणि इन्सुलिन चालू आहे.

आज ताप नाही, दुखणंही जवळजवळ गेलंय. सर्जन म्हणतात, उद्या दुर्बिणीतून पित्ताशय काढू. मामाने दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले सूज उतरू द्या, सहा आठवड्यांनी बघू. आणि आई म्हणते, दुखतच नाही तर अवयव कशाला काढायचा? खडे विरघळवायच्या गोळ्या मिळतात ना?

सकाळी होकार कळवायचा आहे. आईला काय सांगू, तेच कळत नाहीये. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १

मी जनरल सर्जन आहे. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिथल्या सर्जनचाच. पण दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला, या समजावर मात्र थांबू नका.

आधीची ती तास-दोन तासांची दुखणी म्हणजे खडा नळीच्या तोंडाशी येऊन परत मागे सरकत होता. या वेळी तो अडकून बसला. पित्ताला बाहेर पडायला वाट नाही, आतला दाब वाढतो, भिंत सुजते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो आणि वरून जंतू वाढतात. सहा तासांहून जास्त टिकणारी कळ आणि सोबत ताप म्हणजे साधा पोटशूळ नव्हे, ही दाहाची खूण. अँटिबायोटिकने जंतूंना आवर बसतो, खडा जागचा हलत नाही. शिवाय मधुमेहात दुखणं बोथट असू शकतं, आणि भिंत सडण्याचा धोका इतरांहून जास्त असतो. पोट शांत आहे एवढ्यावर मी तरी विसंबणार नाही.

सहा आठवडे थांबायचा सल्ला चुकीच्या हेतूने दिलेला नाही. सुजलेल्या भागात दुर्बिणीने काम करणं धोक्याचं मानलं जायचं, त्या काळातली ती पद्धत. पण पहिल्या काही दिवसांत सूज पाणीदार असते, थर वेगळे करता येतात. पुढे सगळं घट्ट चिकटत जातं. पित्ताशयाच्या दाहावरच्या उपचारांच्या २०१८च्या टोकियो मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की रुग्णाला झेपणार असेल तर लवकर करा. झेपणारच नसेल तर त्वचेतून नळी घालून पित्त बाहेर काढतात आणि वेळ मिळवतात.

गोळ्यांबद्दल : त्या फक्त लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतात, तेही नळी मोकळी असेल तरच. महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, आणि विरघळलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच वर्षांत पुन्हा खडे होतात. अडकलेल्या खड्यावर त्यांचा उपयोग नाही.

आईंना सांगा की पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय ही फक्त ३० ते ५० मिलि मावणारी साठवणीची पिशवी आहे. ती काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरत राहतं. काहींना थोडे दिवस पातळ शौचाला होतं, एवढंच.

उद्या सर्जनना एक जरूर विचारा : आत फारच चिकटलेलं निघालं तर काय करणार? पित्तनलिकेला इजा होणं हा यातला खरा धोका, क्वचित होणारा पण गंभीर. वेळ पडली तर पोट उघडू, किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवू, असं सांगणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो.

प्रतिसाद २

आम्ही बाबांच्या वेळी थांबलो होतो. चौथ्या आठवड्यात पुन्हा दुखलं, आणि या वेळी डोळे पिवळे. खडा मुख्य नलिकेत उतरला होता. आधी तोंडातून दुर्बीण घालून तो काढला, मग चार दिवसांनी पित्ताशय. दोनदा भूल, दोनदा धास्ती. सगळ्यांचं असं होत नाही, पण मला पुन्हा निवडायचं असतं तर थांबले नसते.

प्रतिसाद ३

आई रक्त पातळ करायची गोळी घेतात का? घेत असतील तर आत्ताच नर्सना सांगा, सकाळची वाट बघू नका.

धागाकर्ती

गोळी घेते, अ‍ॅस्पिरिन ७५. केसपेपरवर लिहायची राहूनच गेली होती! लगेच सांगितली. तुमचे मनापासून आभार.

धागाकर्ती, दोन दिवसांनी

ऑपरेशन झालं. इथे पहिला प्रतिसाद देणाऱ्या सर्जनांसारखंच मीही आईला पिशवीचं उदाहरण दिलं, मग ती तयार झाली. पित्ताशय इतकं ताणलेलं होतं की आधी सुईने आतलं पित्त ओढून घ्यावं लागलं. पावणेदोन तास लागले, पण पोट उघडावं लागलं नाही. एक नळी ठेवली होती, ती आज काढली. पित्ताशय तपासणीला पाठवलंय.

सकाळी उजवा खांदा दुखतोय म्हणाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण पोट फुगवायला जो कार्बन डायऑक्साइड भरतात त्यामुळे तसं दुखतं, दोन-तीन दिवसांत जाईल, असं सर्जन म्हणाले. आत्ता कॉरिडॉरमध्ये माझा हात धरून चालतेय.